तानाजीची टेप आणि माझं मत

वसतिगृहातल्या मित्रांनो, या भित्तीपत्रकावर आज कविता लावत नाही. दुपारी जे झालं ते लिहितो.

कडेगावच्या तानाजीनं त्याच्या खोलीत स्वतःच्या सहा गाण्यांची नवी टेप ऐकवली. गाणी त्याची, गिटार त्याची, टेपरेकॉर्डर फौजेतल्या भावाचा. म्हसवडच्या बिरानं डफावर साथ केली आहे. कुठल्या रेकॉर्ड कंपनीचा संबंध नाही.

पहिली तीन गाणी साधी वाटली. चौथं होतं भाऊ सुट्टी संपवून निघतो त्या सकाळचं. ते सुरू झालं आणि जेवायला निघालेली मुलं ताटं घेऊन दारातच थांबली. माझ्या कवितेसमोर दोन वर्षांत कुणी असं थांबलेलं नाही.

तानाजीनं मलाच विचारलं, "तू मराठीचा हायस. सांग रं, कसं झालंय?"

"चौथं कच्चं आहे," मी म्हणालो. "पुन्हा कर."

"मग पुसतो की." त्यानं टेप मागं नेली, रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि जुन्या गाण्यावरच नव्यानं गायला लागला.

"आरं, लय ब्येस हुतं ते!" बिरा ओरडला.

"गप रं. त्याला कळतंय."

मला कळत होतं. तरी मी त्याचा हात धरला नाही. नवं गाणं नीट, सुरात आणि निर्जीव झालं. मला बरं वाटलं.

दारात कोण कोण होतं? पुसलेलं चौथं गाणंच खरं होतं, हे तानाजीला आजच सांगा. ते अजून त्याच्या गळ्यात असेल. मी दोनदा त्याच्या खोलीपर्यंत जाऊन आलो. माझ्या तोंडून ते निघत नाही.