मरुदाणीच्या रंगाची बाटली

फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या बरणीमागे, नेलपॉलिशच्या तीन बाटल्या उभ्या आहेत. चेन्नईच्या उकाड्यात पॉलिश घट्ट होतं म्हणून मुलीने त्या तिथे ठेवल्या आणि पुढे नोकरीसाठी ती बंगळूरला गेली. फ्रिज पुसायला काढला की मी त्या ओट्यावर ठेवते, दार पुसते आणि परत होत्या तिथे ठेवते. टाकून द्यायला काही हरकत नाही. त्या लावणारं आता घरात कोणी नाही.

सुरुवात मुलीच्या एका खोक्यापासून झाली. तेव्हा ती घरूनच काम करायची आणि वेस्ट मांबलमच्या आमच्या लहानशा फ्लॅटमध्ये सतत काही ना काही खोक्यातून यायचं. या खोक्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं की हा नुसता मॅनिक्युअरचा संच नाही, हा स्वतःशी साधलेला संवाद आहे. आत रंगांच्या काही बाटल्या, एक कानस, एक चिमटा, तेलाची कुपी आणि नखाच्या मुळाशी असलेली कातडी मागे ढकलायची एक चिमुकली पळी होती. त्या कातडीला आमच्या घरात आजवर कोणी त्रास दिलेला नव्हता. सोबतच्या पत्रकात नखांच्या प्रवासाबद्दल दोन पानं होती. मी ती मोठ्याने वाचून दाखवली. मुलगी म्हणाली, तुला कशाकडेच आनंदाने बघता येत नाही का? मी म्हटलं, येतं, पण आधी वाचावं लागतं.

सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसून हे ऐकत होत्या. माझं सासर तंजावरकडच्या जुन्या मराठी घरांपैकी. या घरांचे पूर्वज राजांबरोबर दक्षिणेत आले आणि ते सगळेच्या सगळे सरदार, कारभारी किंवा निदान पंडित होते. इतक्या मोठ्या लवाजम्याबरोबर स्वयंपाकी म्हणून आलेला एकही पूर्वज मला अजून भेटलेला नाही. सासूबाईंचं मराठीही तितकंच जुनं, वाक्याच्या शेवटी तमिळसारखं वर चढणारं. मी लग्न होऊन साताऱ्याहून आले तेव्हा त्या मराठीत बोलतायत हे कळायलाच मला थोडा वेळ लागायचा.

मुलगी स्वतःच्या नखांवर एकेक रंग लावून बघत होती. सासूबाई उठल्या, टेबलाशी येऊन बसल्या आणि बाटल्या उन्हात धरून पाहू लागल्या. मग म्हणाल्या, "ह्यांत मरुदाणीचा रंग मिळतो काय गं?"

मरुदाणी म्हणजे मेंदीच, पण आमच्या साताऱ्याकडची नक्षीची नव्हे. ताजा पाला वाटायचा, वाटताना थोडी सुपारी घालायची, आणि तो लगदा प्रत्येक बोटाच्या टोकावर टोपीसारखा थापायचा. तळव्याच्या मधोमध एक गोल ठिपका. झालं. सकाळी धुतलं की बोटांची टोकं विटकरी लाल. कातडीवरचा रंग काही दिवसांत उडतो, नखावरचा मात्र नख वाढेपर्यंत राहतो. हात गोरा असो की काळा, तो रंग त्यावर शोभतो. एवढ्या स्वस्तात एवढा छान दिसणारा दागिना मी दुसरा पाहिलेला नाही.

सासरे गेल्यापासून सासूबाईंनी तो लावला नव्हता. आडी महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढाच्या सुमारास, खालच्या मजल्यावरून वाटलेल्या मरुदाणीची वाटी वर यायची. सासूबाई ती हुंगायच्या आणि माझ्याकडे सरकवायच्या. मुलीने आजीला एकदा आग्रह केला, आता कोण पाळतं, पाट्टी? त्या म्हणाल्या, वन्सं पाळतात.

वन्सं म्हणजे सासऱ्यांची थोरली बहीण. नव्वदीच्या, लांब उपनगरात तांबरमला मुलाकडे राहणाऱ्या, नजर अजून तीक्ष्ण. कुणी काय नेसावं, कुठे बसावं, हळदीकुंकवाला कुणाला बोलवावं, याचा निकाल त्यांच्याकडे लागायचा. त्या स्वतःही तरुणपणीच एकट्या राहिल्या होत्या आणि स्वतःला त्यांनी कधी काही सूट दिली नव्हती. त्यामुळे त्यांच्याशी वाद घालणं अवघड व्हायचं. दुसऱ्याला बांधून स्वतः मोकळा फिरणारा माणूस असता, तर मी सहज दोन हात केले असते.

"मरुदाणी नको म्हणतात," सासूबाई त्या दिवशी बाटली हलवत म्हणाल्या. "बाटलीला कोण काय म्हणतंय? बाटली तेव्हां नव्हतीच."

मी आयुष्यभर पुस्तकं वाचत आले, पण रूढीतली फट इतक्या सफाईने हेरलेली मी क्वचितच पाहिली. मला मनापासून आनंद झाला. माझ्या मुलीला त्याहून जास्त झाला.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर नवे रंग यायचे. कंपन्यांची नावं वेगळी, पण भाषा एकच. एका लाल रंगाचं नाव इटलीतला सूर्यास्त होतं, दुसऱ्याचं राणीचं रहस्य. सासूबाईंनी सूर्यास्ताला शेंदूर म्हटलं आणि राणीच्या रहस्याला बीटरूट. मुलगी एकदा त्यांना टी. नगरला घेऊन गेली. साड्यांच्या दुकानांमधल्या गर्दीत एका लहान दुकानासमोर त्यांना स्टुलावर बसवलं, आणि दुकानदाराने त्यांच्या दहा बोटांवर दहा रंग लावले. परत आल्या तेव्हा त्यांचे हात एखाद्या रंगाऱ्यासारखे दिसत होते, आणि रिक्षात सगळा वेळ त्या ते मांडीवर पसरून बसल्या होत्या म्हणे. एकही रंग पसंत पडला नव्हता, पण इतक्या खुशीत मी त्यांना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

गुलाबी चालेल का, असं मी एकदा सुचवलं. त्या म्हणाल्या, गुलाबी कशाला? गुलाबी त्यांनी कधी लावलंच नव्हतं.

शेवटी रंग जमवला तो मुलीने. आधी एक पातळ नारिंगी थर, तो वाळला की वर विटकरी तपकिरी. आता रंग तंतोतंत होता. सासूबाईंनी हात लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला, आणि एकच तक्रार केली. मरुदाणी चमकत नाही.

तक्रार बरोबर होती. मुलीने चमक घालवणारा तिसरा थर मागवला. तो दिल्यावर नखं एकदम बदलली. रंग वरून लावल्यासारखा वाटेना, आतून आल्यासारखा वाटू लागला. त्या दिवशी सासूबाईंनी भाजी निवडायला घेतली आणि एकेक शेंग निवडायला लागेल त्याहून जास्त वेळ हातात धरली.

त्यानंतरच्या आठवड्यात तांबरमला लग्न होतं, वन्संच्या पणतीचं. सासूबाई मरुदाणीच्या बोटांनी जाणार होत्या. मी विचारलं, वन्सं काही म्हणाल्या तर? त्या म्हणाल्या, म्हणू दे, नेलपॉलिश आहे म्हणून सांगेन.

मंडपाच्या दारावर वधूवरांची नावं विजेच्या अक्षरांत पळत होती. आत घराण्याचा इतिहास एका फलकावर छापून लावला होता, त्यात तलवारी होत्या. खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत वन्सं बसल्या होत्या. सासूबाई वाकून नमस्कार करायला गेल्या, आणि वन्संनी त्यांचे दोन्ही हात धरले.

"मरुदाणी लावलीस?"

त्या ओरडल्या नाहीत. उलट आवाज खाली आणला, म्हणजे शेजारच्यांना ऐकू जाऊ नये. ओरडल्या असत्या तर भांडता आलं असतं; त्या काळजीनेच सगळं बिघडलं असावं.

"नाही, वन्सं. नेलपॉलिश आहे."

वन्संनी बोट उजेडात वळवून पाहिलं. "असलं नेलपॉलिश असतं काय? मी बघितलंय नेलपॉलिश. ते चमकतं."

मी पुढे झाले. म्हटलं, वन्सं, खरंच पॉलिश आहे, घरी आम्हीच लावलं, चमक मुद्दाम घालवली. मुद्दाम का, असं वन्संनी विचारलं, आणि त्याचं उत्तर माझ्याजवळ असूनही ते त्या खुर्च्यांपाशी देण्यासारखं नव्हतं. मुलगी फोनमध्ये बाटलीचा फोटो शोधू लागली. वन्सं फोनकडे बघेनात.

तेव्हा सासूबाईंनी उजव्या अंगठ्याचं नख डाव्या अनामिकेच्या नखावर टेकवलं आणि खरवडायला सुरुवात केली. आधी टोकाचा तुकडा निघाला, मग मधला. विटकरी कपचे वन्संच्या पांढऱ्या पदरावर पडले. खालचं नख पांढुरकं, म्हातारं, उभ्या रेघांचं. त्यांनी ते वन्संच्या डोळ्यांसमोर धरलं.

वन्संनी एक कपचा बोटावर घेऊन चोळला आणि झटकला. चेहरा निवळला. "असं होय. मग लाव की. त्याला काय?" असं म्हणून त्यांनी सासूबाईंना शेजारच्या खुर्चीवर बसवून घेतलं आणि जेवणाच्या पंक्तीत कोण कुठे बसणार ते सांगायला लागल्या.

म्हणजे परवानगी मिळाली. तीही घराण्याच्या सर्वोच्च न्यायालयातून, चारचौघांत. मी मुलीकडे पाहिलं तर ती सुटकेने हसत होती. सासूबाई मात्र डावा हात पदरात घेऊन बसल्या होत्या. अक्षता त्यांनी उजव्या हाताने टाकल्या. फोटोसाठी उभ्या राहिल्या तेव्हाही डावा हात पदरातच होता.

घरी आल्यावर त्यांनी साडीसुद्धा बदलली नाही. टेबलाशी बसून मुलीला म्हणाल्या, काढून टाक. मुलगी म्हणाली, तेवढं एकच नख परत लावते, दोन मिनिटांत होईल. पाट्टी, आता तर त्यांनीच लाव म्हणून सांगितलंय.

"तोवर ती मरुदाणी होती गं," सासूबाई म्हणाल्या. "आतां नुसतं नेलपॉलिश आहे."

मुलीने कापूस भिजवला आणि एकेक बोट पुसलं. खोलीत त्या द्रवाचा वास बराच वेळ राहिला. मी त्यांच्यासमोर बसले होते. पुढच्या आडीत खालून मरुदाणीची वाटी आली तेव्हा त्यांनी ती माझ्याकडे सरकवली. हुंगली नाही. नंतरच्या आडीत त्या नव्हत्या.

मुलगी फोनवर कधीतरी म्हणते, तो रंग मी फार नीट जमवला होता, नाही? मी हो म्हणते. यापेक्षा जास्त खरं उत्तर द्यायला मला जमलेलं नाही.

परवा फ्रिज पुसताना मी बाटल्या हलवून पाहिल्या. नारिंगी आणि विटकरी अजून पातळ आहेत. तिसरी, चमक घालवणारी, तळाशी दगड झाली आहे. कुठे लावून बघावं ते कळेना, म्हणून मी लोणच्याच्या बरणीच्या झाकणावर आधी नारिंगी फासलं, वाळू दिलं आणि वर विटकरी. तिसरा थर नव्हताच. ओट्यावरच्या उन्हात तो पट्टा असा चमकला की बाटलीतला रंग आहे हे तांबरमहूनही दिसलं असतं.