सिस्टरनं न लिहिलेलं काम

आडनाव विचारलेलं माझ्या बायकोला खपायचं नाही. नामांतराच्या दिवसांत तर माणूस खाटेवर निपचित पडलेला असायचा आणि नातेवाईक आधी विचारायचे, "बाई, तुमचं आडनाव काय?" सलाईन लावता लावता ती म्हणायची, "सिस्टर. आता सरका बाजूला." हे ऐकून मीही तिला सिस्टरच म्हणायला लागलो. "म्हणा की," म्हणाली, "पण घरात तरी ड्युटी लावू नका."

ती सरकारी दवाखान्यात आयसीयूत होती. सहा खाटा, पाळीला दोन सिस्टर. एकाच्या नळीतला कफ ओढावा तर दुसऱ्याची कूस बदलायची राहिलेली, तिसऱ्याची सलाईन संपलेली. घरी आली की चप्पल न काढता दारातच टेकायची. मी म्हणायचो, "एवढं काय काम असतं गं?" ती म्हणायची, "येऊन बघा. तुमच्या कंपनीतली मशीन रडत तरी नाय."

मी चौथी शिकलेला, वाळूजला कंपनीत लागलेला. तिथं एक साहेब घड्याळ घेऊन आमच्या मागं उभा राहायचा, एका नगाला किती मिनिटं लागतात ते लिहायचा. मीच तिला म्हणालो, "तोंडी रडगाणं कोण ऐकतंय? मिनिटं लिही. तिसरी सिस्टर मिळंल."

तिनं महिनाभर एका वहीत लिहिलं. बरोबरची पोरगी म्हणाली, "ताई, थोडं वाढवून लिवा की." तर तिला झापली, "पेशंटच्या लघवीचं माप वाढवून लिहितीस का?"

पण एक काम तिनं लिहिलंच नाही. कोणाला धाप लागली की ती त्याच्या खाटेशी हात धरून, छातीकडं बघत बसायची. मी विचारलं, "हे का नाय लिहिलं?" म्हणाली, "बसल्याचं काय लिहायचं? ते काय काम हाय?" मलाही पटलं. आम्ही दोघंही राबणाऱ्या घरातले. आमच्यात बसलेला माणूस म्हणजे रिकामा माणूस.

दवाखान्याच्या वरच्या साहेबानं वही घेतली, चहा पाजला, शाबास म्हणाला. पंधरा दिवसांनी कागद आला. वहीप्रमाणे सिस्टर बराच वेळ रिकाम्या असतात, सबब दुपारच्या पाळीला एकच पुरे. पुरावा तिच्याच अक्षरातला.

मग एका दुपारी ती एकटीच होती. एकाची छाती दाबत होती, तेवढ्यात पलीकडच्या बाईची श्वासाची नळी निघाली. बाई गेली. मेमो आला, लक्ष नव्हतं म्हणून. तिनं उत्तर दिलं ते मी वाचलंय. "दोनच हात होते. दोन्ही दुसऱ्याच्या छातीवर होते."

त्या साहेबाला बढती मिळाली. हिनं निवृत्तीपर्यंत तिथंच काम केलं. नव्या पोरींना सांगायची, "आधी बसल्याचं लिही गं. मग बाकीचं."

ती गेली त्याला दोन वर्षं झाली. त्या हरामखोराला मी अजून शिव्या घालतो. पण मिनिटं लिही म्हणणारा मी होतो, आणि तिनं ते एकदाही माझ्या तोंडावर मारलं नाही. एकदा मीच म्हणालो, "चुकलं माझं, सिस्टर."

"तुमी कंपनीतलं सांगितलं," ती म्हणाली. "दवाखान्यातलं मला कळायला पायजे होतं." आणि उठून भाकरी टाकायला गेली.

भांडली असती तर बरं झालं असतं. माझ्या वाटणीचा दोषही ती एकटीच उचलून गेली.