कोरफडीचं वाण

कोणी कोरफडीला पाणी घालायला तांब्या उचलला, की काकू त्याचं मनगटच धरायच्या. "हात आवर! लाड केले का सडते ते." तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल, जिच्या अंगणात भीतभीतच पाय टाकावा लागतो.

काकूंचं आणि माझं घर लागून. रिसोडच्या बाजारात भाजी विकायला आम्ही एकाच ऑटोनं जायचो. काकूंचे यजमान लवकर गेले होते. दारात कोरफडच कोरफड, फुटक्या बादल्यांत, तेलाच्या डब्यांत, अर्धी रेती घातलेल्या मातीत. भाजलं, केस गळले, की कोणीही पान न्यावं. पण मधल्या कोंबाला हात लागला की त्या ओरडायच्या, "बाहेरचं घे वं! पोटातलं काहून ओढून राह्यली?"

काकूंच्या थोरल्या जाऊबाई त्याच घरात पुढच्या खोलीत राहायच्या. त्यांच्या पोराची सोयरीक पुन्हा मोडली, तेव्हा त्या अंगणात येऊन म्हणाल्या, "दारात काटे अन् घरात रांडमुंड बाई. कोन देईन पोरगी? संक्रांतीच्या आत फेक हे सारं, नाई तर तू बी निंघ."

काकू खुरपं घेऊन बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "फेकनार नाई. वाटीन."

बुंध्याशी आलेली पिल्लं त्यांनी मुळांसकट सोडवली. जखम सुकेपर्यंत सावलीत ठेवली. मग दुधाच्या पिशव्यांना भोकं पाडून त्यांत लावली. आणि संक्रांतीला घरोघर सांगून आल्या, "वाण लुटाले या."

विधवा वाण देणार, तेही काटेरी! बाया आल्या, पण उंबऱ्याबाहेरच थांबल्या. जाऊबाई ओसरीवरून बघत होत्या. काकू पिशवी पुढं धरून उभ्या. कोणी पुढं होईना.

मी चारचौघींत बोलत नाही. तेव्हाही बोलले नाही. पुढं झाले आणि पदर पसरला.

"टोचलं का वं?" काकूंनी विचारलं.

मी मान डोलावली.

"टोचू दे. वाण ध्यानात राहीन."

मागून कोणीतरी फिस्कन हसलं. एकीनं हात पुढं केला, मग दुसरीनं. मी सोबत आणलेल्या करंड्यातलं कुंकू काकूंच्या कपाळाला लावलं. दुसऱ्या दिवशी बाजारात त्या टिकली लावून आल्या आणि रोजच्यासारख्या गिऱ्हाइकांशी भांडल्या.

दारोदार कोरफड झाली. आता जाऊबाई कोणाच्या दाराला नावं ठेवणार? काकू शेवटपर्यंत त्याच घरात राहिल्या.

त्या गेल्या. मागोमाग जाऊबाईंचे यजमानही गेले. या संक्रांतीला जाऊबाईंनी दार लोटून घेतलं होतं. एक पिल्लू आणि करंडा घेऊन मी आत गेले; वाण लुटायला निघालेल्या बाया बाहेरच थांबल्या.

"मले कायले वं?" त्या म्हणाल्या. "लोक काय म्हनतीन?"

"म्हनू द्या!"

बाहेर उभ्या असलेल्या बायांनाही माझा आवाज ऐकू गेला.