ओल्या चुन्यावरची हजेरी

तक्रारदार: मी, भिकाजी त्र्यंबक, अर्जनवीस, मुक्काम जव्हार, चौथी यत्ता पास. तक्रारीचा विषय: एका कचेरीच्या अंगणातील फरशी. साक्षीदार: रामजी गवंडी, आणि सोमा, राहणार खोडाळ्याकडील पाडा. दिवस: अमावास्येनंतरचा दुसरा, कामकाजाचा. कचेरीचे नाव अदबीने गाळले आहे.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे गाऱ्हाणे सरकारी भाषेत उतरवून देणारा तो अर्जनवीस. माझे काम कागदाचे. परंतु कागद ऐकला जातो तो फरशीवर. पायऱ्यांसमोरची एक फरशी अर्जदाराची म्हणून ठरलेली आहे. पुकारा झाला की अनवाणी तिच्यावर उभे राहायचे. तीन पुकाऱ्यांत जो तेथे दिसला नाही तो गैरहजर, आणि त्याचा अर्ज रद्द.

ही फरशी खालून पोकळ होऊन मधोमध तडकली. रामजीने दोन्ही तुकडे उचलले, खालची माती धुमसाने ठोकली, चुन्यात सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, कालवून तुकडे पुन्हा बसविले. वर ओले गोणपाट घातले आणि भोवती करवंदीचे काटे रचले.

"आठ दिवस पाय नको," तो कचेरीचे मुख्य कारकून असलेल्या शिरस्तेदारांना म्हणाला.

"दोन दिवसांत कर. वरून ऑर्डर आहे."

"रावसाहेब, ऑर्डर मला कळली. चुन्याला कोण सांगणार?"

दुसऱ्याच दिवशी सोमाचा पुकारा झाला. डोंगरउतारावरची त्याची नागलीची जमीन शेजाऱ्याने आपल्या नावे लावून घेतली होती. राब, म्हणजे पाला पसरून जमीन भाजणे, सुरू होण्यापूर्वी निकाल न झाल्यास पेरणी शेजाऱ्याची. सोमा आदला दिवसभर चालून आलेला. काटे पाहून तो शहाण्यासारखा फरशीच्या बाजूस उभा राहिला.

"सोमा हजर?" शिरस्तेदारांचा तिसरा पुकारा.

"आहां ना मी. तुझ्यासमोर त उभा आहां."

आमच्या डोंगरात देवालाही तू आणि शिरस्तेदारालाही तूच. शिरस्तेदार त्यानेच बिघडले.

"जागेवर नाही. लिहा, गैरहजर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हाताच्या अंतरावर श्वास घेणारा मनुष्य गैरहजर! मी म्हणालो, "सोमा, काटे सार आणि उभा राहा."

"रामजीदादा वरडंल ना."

"ओरडू दे. मी आहे."

सल्ला माझा होता, हे मी लपवीत नाही. सोमाने पाऊल ठेवले मात्र, सांधा उघडला, एक तुकडा खचला, कोपरा उडाला.

रामजी ओरडलाच. "अर्जनवीस, तुमची शाई वाळायच्या आत मी कधी कागदावर बसलो का?"

शिरस्तेदारांनी त्याच बैठकीत दुसरा हुकूम लिहविला: सोमाने सरकारी फरशीवर उभे राहून ती फोडली, सबब आठ दिवस वेठ, म्हणजे बिनमजुरीचे काम. पहिला शेरा मात्र खोडला नाही.

आज सोमा वेठीवर दगड वाहतो आहे आणि शेजारी त्याच्या उतारावर पाला पसरतो आहे. मी प्रत्येक अर्जाखाली आता एक ओळ वाढवितो: "अर्जदार फरशीच्या डाव्या अंगास हजर."

सबब विनंती की, एकाच दिवशी, एकाच सहीने, सोमा गैरहजर होता आणि फरशीवर उभाही होता, असे दोन कागद झाले आहेत. तो नव्हता, तर फरशी कोणी फोडली? होता, तर त्याचा अर्ज ऐकावा. दोहोंपैकी खरा कागद कोणता, याचे लेखी उत्तर राब पेटण्यापूर्वी मिळावे. उत्तर घेण्यास सोमा जातीने येईल. त्याने कोठे उभे राहावे, तेवढे कळवावे.