सकाळपुरती खाट

आईचं मांडीचं हाड मोडलं तेव्हा सरकारी दवाखान्यात एकही खाट रिकामी नव्हती. आमच्या गावाहून, लासूरहून आणलेली सतरंजी व्हरांड्यात अंथरून तिला फरशीवर निजवलं. पाठीला जखम व्हायला लागली तसे डॉक्टर म्हणाले, "हिला खाली ठेवू नका. गादी पाहिजे, नाहीतर जखम चिघळेल." खाली ठेवू नका म्हणे! मग ठेवायचं कुठं, तुमच्या डोक्यावर? ओठावर आलेलं गिळलं. अडलेल्या माणसाला तोंड नसतं.

वरच्या मजल्यावर मात्र नवा वॉर्ड बांधून तयार होता. सरकारनं पैसा दिला होता, गाद्यांवरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं. माझा धाकटा भाऊ तेव्हा पुढाऱ्यांच्या मागंमागं हिंडायचा. एक दिवस तो उड्या मारतच आला. "अक्का, उद्या मंत्री येतायत उद्घाटनाला. पहिली खाट आपल्या आईला! मी शब्द टाकलाय." आईनं पडल्या पडल्या त्याच्यावरून हात ओवाळून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. मलाही भरून आलं. रिकामटेकडा म्हणून किती बोलले होते त्याला!

आईनं तर नवं घर मिळाल्यासारखं केलं. मला शहागंजच्या बाजारात पिटाळून पेढे आणवले आणि साऱ्या व्हरांड्याला वाटले. शेजारी एक मुसलमान बाई नवऱ्याची सेवा करत होती. ती म्हणाली, "मुबारक हो अम्मा, अब आराम से सो जाव." सकाळी वर नेताना आईनं आपली सतरंजीसुद्धा एका नव्या पेशंटला देऊन टाकली. "आता मला काय करायची ती?"

ठेवणीतलं हिरवं लुगडं तिनं अंगावर पांघरून घेतलं होतं. मंत्र्यांनी फीत कापली, आईच्या हातात फळं दिली, फोटो निघाले. भाऊ उशाशी उभा, आईच्या डोक्यावर हात ठेवून. आई आपली गादीच चाचपत होती. "लई मऊ हाय गं," म्हणाली.

गाड्यांचा धुरळा खाली बसतो न बसतो तोच स्ट्रेचर आलं. नर्सबाई बिचारी खाली बघत म्हणाली, "इमारतीला पैसा आला, माणसं मंजूर नाहीत. इथं बघणार कोण? कुलूप लावायचंय." मी भांडले, पाया पडले, काही उपयोग झाला नाही. खाली आलो तर आमच्या जागेवर तो नवा पेशंट, आमच्याच सतरंजीवर. पेढे खाल्लेले सगळे दुसरीकडं बघायला लागले. त्या मुसलमान बाईनंच आपलं सामान सरकवून जागा केली.

भावाला जिन्यात गाठलं. मला वाटलं, तोही माझ्यासारखाच पेटला असेल. तर हळूच म्हणतो, "अक्का, सकाळपुरतंच होतं गं. आधी सांगितलं असतं तर आई वर आली असती का?"

ठाऊक होतं मेल्याला! आई पेढे वाटत होती तेव्हाही ठाऊक होतं. अंगाची नुसती लाही लाही झाली. परक्यांनी फसवलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते.

आई रोज त्याला विचारायची, "कवा नेतो रे वर?" तो म्हणायचा, "उद्या. चावी यायचीय." मी गप्प बसायची. गादी तर गेलीच होती, लेकही कसा हिसकावून घेऊ तिच्याकडून? जखम वाढत गेली, ताप भरला आणि आई त्या फरशीवरच गेली. त्याच्या आदल्या दिवशी मला म्हणाली, "त्याच्यावर चिडू नको गं. माझ्या लेकरालाबी फसवलं त्यांनी."

आईचा दुसरा फोटो घरात नव्हता. भावाच्या बैठकीत तोच लावलाय, हार घालून. आई मऊ गादीवर, भावाचा हात तिच्या डोक्यावर. पाहुणे म्हणतात, "सरकारनं म्हातारीची सोय मात्र झकास केली होती."

"व्हय," भाऊ म्हणतो, "पहिली खाट आईलाच मिळाली."

मी त्याला अजून ओवाळलेलं नाही.