बूट शिवल्याबद्दल खोडलेला सिपाही

अन्याय झाला तो आत्याबाईंवर. गेल्या दसऱ्याला सकाळी, शस्त्रपूजेच्या अगदी आधी, देवासच्या आमच्या समाजमंडळाच्या ओट्यावर. आत्याबाई म्हणजे माझ्या वडिलांची आत्या, वय ऐंशीच्या घरात. युद्धावर गेलेल्यांचा तिथे फलक आहे. दर दसऱ्याला घरोघरची वडीलधारी आपापल्या माणसाच्या नावाला गंध लावतात. आत्याबाईंनी बोट गंधात बुडवलं आणि आपल्या वडिलांचं, म्हणजे माझ्या पणजोबांचं, नाव शोधलं. तिथे ताजा तपकिरी रंग होता. बोट तसंच वर राहिलं. मागून कुणीतरी म्हणालं, "चला काकी, आगे बढो."

मी अध्यक्षांना गाठलं. फलक रंगवण्याआधी त्यांनी फौजेच्या दफ्तरातून जुनी सेवापत्रकं मागवली होती. पणजोबांच्या पत्रकात बूट-पट्टे शिवण्याचा जास्तीचा पगार लिहिलेला. झालं! तेवढ्यावरून त्यांना चाकर ठरवून नाव खोडलं. आमची ही जुनी दरबारी घराणी. राज्यं गेली, पण कोण शिलेदार आणि कोण चाकर हे पंगतीला बसतानाही मनात मोजतात. त्यातून चामड्याचं काम. खरं दुखणं तेच.

"भिया, लढाईवर आरी घेऊन गेले होते का रे तुझे पणजोबा?" अध्यक्षांनी विचारलं. आजूबाजूचे हसले. आत्याबाई शेजारच्याच खुर्चीत होत्या.

धारला आईचे मामा असतात, फौजेच्या हिशेबखात्यातून निवृत्त. पत्रकाची नक्कल घेऊन मी त्यांच्याकडे गेलो; मला ते वाचता येत होतं, त्यातले रकाने कळत नव्हते. मामांनी समजावलं. पलटणीतला सिपाही कवायत, पहारा सांभाळून वर एखादं कसबाचं काम करी, तेव्हा त्याला मूळ पगाराच्या वर थोडं मिळे. कामापुरत्या ठेवलेल्या चाकराला नुसती मजुरी.

"अरे, चाकर असते तर हे जास्तीचं कशाच्या वर मिळालं असतं?" मामा म्हणाले आणि मूळ पगाराच्या रकान्यावर त्यांनी बोट ठेवलं. तिथे स्वच्छ 'सिपाही' होतं. ज्या नोंदीवरून नाव खोडलं, तीच नोंद ते सिपाही असल्याचा पुरावा होती.

आणि समजा, चाकरच असते, तर? गोळी काय पगाराचा रकाना बघून लागते?

हे सगळं लिहून अध्यक्षांना दिलं. त्यांनी वाचलं, मान्यही केलं. म्हणाले, आता पुढच्या रंगाच्या वेळी बघू. फलक किती वर्षांनी रंगवतात ते तुम्हा मंडळींना, समाजातल्या सगळ्यांनाच, ठाऊक आहे. आत्याबाईंना आता समोरचा माणूस आवाजावरूनच ओळखू येतो. मी काही बोललो की त्या एवढंच विचारतात, "लावलं का रे नाव?" हल्ली मी त्यांच्या खोलीत जायचं टाळतो.

त्या सकाळी रांगेत तुम्हीही होतात. रंग तुम्हीही पाहिलात. तर आता मंडळाच्या सभेला या, अध्यक्षांसमोर उभे राहा आणि म्हणा, नाव आजच्या आज लावा. रंगारी मी आणतो.