गुरुवारची बोट

समुद्रालाही बहर येतो, हे मी बाबांना सांगितलं ही माझी पहिली चूक. नागपूरजवळ उभा जन्म संत्र्याची बाग केलेला माणूस. ऐंशीच्या दशकात, मी पीएचडी करत असताना, एका मार्चमध्ये ते अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावरच्या माझ्या दोन खोल्यांत राहायला आले आणि रोज चहाबरोबर विचारू लागले, "कोणता बहर धरता तुम्ही? ताण किती दिवस देता?" संत्र्याला बहर धरायचा तर आधी पाणी तोडून झाडाला ताण देतात, तेच त्यांच्या डोक्यात.

मी कपाळाला हात लावून सांगायचे, हा बहर कुणी धरत नाही. हिवाळी वादळं समुद्र तळापासून ढवळतात, खत वर येतं. मग ऊन वाढलं आणि वारा पडला की नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती दोन-तीन दिवसांत अख्खं पाणी हिरवट-तपकिरी करून टाकतात. खत संपलं की मरतात. नेमकं त्या दिवसांतलं पाणी मला नमुन्यासाठी हवं होतं. आदल्या वर्षी बोट बंद पडली आणि ते हुकलं. आता विद्यापीठाने दिलेला हा शेवटचा हंगाम होता, हा गेला की पीएचडी गेली. बाबांना हे सांगितलं नव्हतं. आधीच सल्ल्यांनी डोकं उठलं होतं.

एप्रिलमधल्या एका शनिवारी वारा पडला. रविवारी लख्ख ऊन. सोमवारी बाबा कोट घालून दारात.

"काऊन थांबली बेटा? ताण तुटला. आजच जा."

"बाबा, बोट गुरुवारची बुक आहे."

"मग त्या कप्तानाले फोन कर ना."

"ही तुमची बाग नाही!" मी ओरडलेच. फोन हाताशी होता. कप्तान भला माणूस, तासाभरात आला असता. पण संत्र्याच्या हिशेबाने मी संशोधन करायचं? मंगळवारी हेच भांडण, बुधवारीही हेच.

गुरुवारी गेले. सूक्ष्मदर्शकाखाली बहुतेक त्या मेलेल्या वनस्पतींची रिकामी कवचं. पाण्यातलं खत संपलेलं.

घरी आल्या आल्या बाबांनी विचारलं, "आला बहर?"

"येऊन गेला."

"जाऊ दे. पुढच्या वर्षी पाहू."

"पुढचं वर्ष नाहीये, बाबा!" आणि मग सगळं सांगून टाकलं, त्यांच्यावरच चिडून, जसा काही वारा त्यांनीच पाडला होता.

आता काहीतरी सुचवतील म्हणून मी भांडायच्या तयारीत उभी होते. ते उठले, माझे ओले बूट हीटरपाशी नेऊन ठेवले आणि खुर्चीत बसून राहिले. सल्ल्याचा एक शब्द नाही. त्या दिवशी मला तो हवा होता.